गाडीखाली कधीही वाकून पाहू नये

पावसाळा तोंडावर आला की शहरातल्या अनेक सज्जनांना आपल्याकडे फोर-बाय-फोर, म्हणजे चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी, गाडी नसल्याची टोचणी लागते. नवी थार खिशाला झेपत नाही, म्हणून तीन-साडेतीन लाखांत बसणारी, दोन लाख किलोमीटर धावलेली एखादी जिप्सी, जुनी थार किंवा फोर-बाय-फोर सफारी शोधण्याचा उद्योग सुरू होतो. सध्या मीही याच उद्योगात आहे आणि गेल्या रविवारी एका विक्रेत्याने मला जे ज्ञान दिले ते एकट्याने पचवणे जड जात आहे. म्हणून इतर इच्छुकांसाठी काही सूचना लिहून ठेवतो.

पहिली सूचना अशी की, जाहिरातीतील प्रत्येक शब्द प्रमाण मानावा. आपल्याकडे विक्रीस आलेली प्रत्येक जुनी डिझेल गाडी एखाद्या डॉक्टरांनीच वापरलेली असते आणि तिच्यात ‘एक रुपयाचेही काम’ नसते. जाहिरातीच्या शेवटी ‘शौकीन लोकांनीच फोन करावा’ असे लिहिलेले असल्यास ती गाडी विशेष उत्तम समजावी, कारण शौकीन माणूस प्रश्न विचारत नाही.

मीटरवरील आकड्याविषयी शंका घेणे असभ्यपणाचे आहे. २०१० सालची गाडी अठ्ठ्याहत्तर हजारच धावली असेल, पण क्लचच्या पेडलवरचे रबर झिजून आतले लोखंड चमकत असेल आणि चालकाच्या आसनाची दाराकडची कड पार बसलेली असेल, तर डॉक्टरांचा पाय जड होता एवढाच निष्कर्ष काढावा.

आपण पोहोचण्यापूर्वीच इंजिन तापवून ठेवलेले असेल तर तो पाहुणचार समजून आभार मानावेत. थंड इंजिन पहिल्या सेल्फला सुरू होते का आणि सुरू होताना कोणत्या रंगाचा धूर टाकते, हे पाहण्याचा हट्ट धरू नये. चालू इंजिनावर ऑइलचे झाकण उघडून तिथून धुराचे लोट येतात का, हे पाहणे तर सरळ अपमानास्पदच आहे.

रंग मात्र अवश्य पाहावा. लष्कराच्या लिलावातील जिप्सी असेल आणि तिचा ऑलिव्ह हिरवा रंग तसाच ठेवलेला असेल, तर आनंदाने दोन पैसे जास्त द्यावेत. हा रंग संरक्षण खात्याखेरीज कोणाच्याही गाडीला चालत नाही असे केंद्रीय मोटार वाहन नियम सांगतात, परंतु नियम वाचून कोणी डोंगर चढलेला नाही.

चासीवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर, काळ्या डांबरी लेपाचा ताजा थर असेल, तर मालकाने गाडी जपली असे समजावे, मग ती गाडी बारा वर्षे समुद्रकाठी गंजत का उभी असेना.

कागदपत्रे पाहण्यात वेळ दवडू नये. दिल्लीकडे दहा वर्षांवरील डिझेल गाड्यांवर हरित लवादाने २०१५ मध्ये बंदीचा आदेश दिला, सर्वोच्च न्यायालयाने तो २०१८ मध्ये उचलून धरला आणि तिकडच्या धिप्पाड गाड्यांना आपल्याकडची वाट दिसली. अशा गाडीच्या ‘एनओसी’वर काय लिहिले आहे, कर्जाचा बोजा उतरला आहे का, महाराष्ट्राचा रस्ता कर कोण भरणार, हे विषय सौदा होईपर्यंत काढू नयेत. पंधरा वर्षे भरत आलेली गाडी असेल तर पुनर्नोंदणीचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून सहाशेवरून पाच हजार झाले आहे आणि त्याखेरीज आपल्या राज्याचा पर्यावरण कर आहे, हे विक्रेत्यास ठाऊक असते. आपल्याला ठाऊक नसणे हाच त्याचा नफा होय. अवाढव्य टायर आणि उंच केलेले सस्पेन्शन पाहून तर सर्व शंका मिटाव्यात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२, आणि नोंदणीपत्रापेक्षा वेगळे मूलभूत बदल गाडीत करता येणार नाहीत असे सांगणारा २०१९ चा न्यायालयाचा निकाल यांची आठवण आरटीओतला निरीक्षक पुढे करून देईलच.

आता मुख्य सूचना. गाडी फोर-बाय-फोर आहे की नाही हे फक्त डॅशबोर्डवरील दिव्यावरून ठरवावे. कळ फिरवली, दिवा लागला, विषय संपला. गेल्या रविवारी मी पाहिलेल्या गाडीचा दिवाही असाच डौलात लागला. विक्रेत्याने मला सिमेंटच्या अंगणात स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फेरी मारायला लावली आणि अभिमानाने विचारले, “बघा, कशी लोण्यासारखी वळतेय, आहे का कुठे आवाज?” आवाज नव्हताच. पुढची आणि मागची चाके खरोखर एकत्र जोडली गेली असती, तर या जातीची गाडी कडक जमिनीवर वळताना आखडली असती, दोन्ही आसांची ओढाताण स्टिअरिंगवर जाणवली असती, टायर घासले असते. ती लोण्यासारखी वळत होती हाच तिच्याविरुद्धचा पुरावा होता.

मी अंगणात पाठीवर झोपून गाडीखाली पाहिले. पुढचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे पुढच्या आसाला ताकद नेणारा दांडा, जागेवर नव्हता. तो जिथे जोडलेला असायला हवा, तिथे ताकद पुढे-मागे वाटणाऱ्या ट्रान्सफर केसच्या फ्लँजवर दुधाची रिकामी पिशवी तारेने घट्ट बांधलेली होती, बहुधा आत धूळ जाऊ नये म्हणून. विचारल्यावर उत्तर आले, “साहेब, आवाज करत होता म्हणून काढून ठेवलाय, गोडाऊनला आहे. आणि तुम्हाला कुठे रोज लागतोय?” जाहिरातीत फोर-बाय-फोर, बोनेटवर फोर-बाय-फोर, मागच्या दारावर फोर-बाय-फोर, किंमतही फोर-बाय-फोरची आणि पुढच्या आसाला ताकद नेणारा एकुलता एक शाफ्ट गोडाऊनला! जी वस्तू मिळावी म्हणूनच माणूस एवढे पेट्रोल जाळून येतो, तीच काढून ठेवली आहे, दिवा मात्र शाबूत आहे. ‘रोज कुठे लागतो’ म्हणे! मग एअरबॅग काढा, हॅन्डब्रेक काढा, स्टेपनी काढा, त्या तरी कुठे रोज लागतात? उद्या हा माणूस पॅराशूट विकायला बसेल आणि आतले कापड गोडाऊनला ठेवेल.

यात गंमत नाही. लो रेंजमध्ये, म्हणजे वेग कमी आणि जोर जास्त देणाऱ्या गिअरमध्ये, चारही चाकांवर इंजिनाचा ब्रेक मिळेल या भरवशावर लोक ओल्या मुरमाच्या उतारावर गाडी घालतात आणि मागच्या आसनावर त्यांची मुले बसलेली असतात. शाफ्ट नसेल तर तो ब्रेक फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो आणि गाडी आडवी होऊ लागल्यावर ते कळून काही उपयोग नसतो. हे विक्रेत्याला माहीत असते. माहीत असूनही तो आपल्याला सिमेंटवर गोल फिरवतो आणि आपण मान डोलावतो. कपडे मळतील म्हणून खाली वाकायचे नाही, ओळखीच्या मेकॅनिकला पाचशे रुपये द्यायला जिवावर येते, त्याऐवजी विक्रेत्याच्याच मेकॅनिकचा शब्द घ्यायचा. डिफरन्शिअलचे, म्हणजे आसावरच्या गिअरपेटीचे, ऑइल थोडे काढून ते दुधाळ झाले आहे का, म्हणजे आत पाणी शिरले आहे का, हे पाहायला दहा मिनिटे लागतात, तीही द्यायची नाहीत. स्नॉर्कल, म्हणजे इंजिनाला उंचावरून हवा देणारी नळी, आणि वर लावलेल्या दिव्यांच्या पट्टीला मात्र वीस हजार मोजायचे. अशी गिऱ्हाइके आहेत म्हणून अशी गाडी उभी राहते.

आणि विक्री करणाऱ्यांनो, शाफ्ट गोडाऊनला असेल तर तो आणा, बसवा, मातीत नेऊन चारही चाके फिरताना दाखवा आणि मग हवी ती किंमत सांगा. ते जमत नसेल तर जाहिरातीत टू-व्हील ड्राइव्ह असे लिहा आणि मागच्या दारावरचे स्टिकर खरवडून काढा.