खताचं अनुदान थेट खात्यात टाका म्हणे! पण खातं कोणाचं?

परवा घरच्या ग्रुपवर पुण्याच्या दादाने एक मेसेज टाकला: ‘खतावरचं अनुदान बंद करा. शेतकरी कर भरत नाहीत, वर युरियाची नासाडी करतात. तेवढे पैसे थेट खात्यात द्या, सगळे सुखी होतील.’ चौघांनी लगेच अंगठे उमटवले. रात्री जिंतूरहून आत्याचा फोन आला. “खताला आता पुरे पैसे मोजावे लागणार म्हणं. खरं का रे?” मग मात्र गप्प बसवेना.

युरियाचं अर्धं खरं आहे, मान्य. ४५ किलोची गोणी २६६ रुपयांच्या आसपास आणि डीएपी या दुसऱ्या खताची ५० किलोची १३५० ला, म्हटल्यावर हात युरियाकडेच जातो. जमिनीचं त्यात नुकसान होतं. पण २०१० मध्ये खतातल्या अन्नद्रव्यांप्रमाणे अनुदान द्यायची पद्धत आली तेव्हा युरियाला त्यातून वगळलं ते सरकारने, आत्याने नव्हे.

कराचं तर बोलूच नका. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७७ व्या फेरीप्रमाणे २०१८-१९ मध्ये शेतकरी कुटुंबाचं सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये होतं. त्यात पिकातून ३,७९८, मजुरीतून ४,०६३. म्हणजे शेतीपेक्षा मजुरीचेच पैसे जास्त! एवढ्या कमाईवर शहरातल्या माणसालाही आयकर लागत नाही. आणि खतावरचा, फवारणीच्या औषधावरचा जीएसटी आत्या भरतेच.

आता ते ‘थेट खात्यात’. कोणाच्या? आत्याची तीन एकर अजून मामांच्या, म्हणजे तिच्या नवऱ्याच्या नावावर आहे. मामा जाऊन चार वर्षं झाली, वारसनोंद अडकलेली. शिवाय दोन एकर ती बटईने करते. व्यवहार सगळा तोंडी, सातबारा मालकाचा, मालक संभाजीनगरला. पीएम किसानचे पैसे जमीन ज्याच्या नावावर त्यालाच मिळतात, बटईदाराला नाहीत. खताचेही त्याच वाटेने जाणार. आज ती दुकानातल्या मशीनवर अंगठा लावते आणि गोणी कमी भावात मिळते, सातबारा कोणाचाही असो.

बरं, पैसे मिळाले असं धरू. मृगाच्या तोंडावर घरात रोकड नसते, गोणी उधारीवर येते. उद्या पुऱ्या किमतीची उधारी होईल, व्याजही तेवढ्यावरच चढेल.

आणि रक्कम ठरणार कशी? केंद्राने अन्न महामंडळासाठी नेमलेल्या शांता कुमार समितीने २०१५ मध्ये खताच्या अनुदानाऐवजी हेक्टरी ७,००० रुपये रोख द्यायचं सुचवलं होतं. २०२२ च्या खरिपात जगात खत भडकलं, तेव्हा डीएपीच्या एकेका गोणीमागे सरकारने २,५०१ रुपये भरले, म्हणून ती १३५० ला मिळाली. ठरलेली रक्कम हातात देऊन मोकळं झालं असतं, तर तो भडका आत्याच्या अंगावर आला असता.

असा निर्णय झालेला नाही, हे मी तिला सांगितलं. पण तोवर तिने जास्तीच्या चार गोण्यांसाठी शेजाऱ्याकडे पैसे मागून ठेवले होते, शेकडा तीनने. दादा, तो मेसेज काढ आणि आत्याला तूच फोन कर.