साडेबारा फुलं

दहा रुपये माझ्या खात्यात अजून आलेले नाहीत. दसऱ्यापासून आज अठरावा दिवस. परवा लक्ष्मीपूजन, म्हणजे उद्या पुन्हा हडपसरच्या त्याच रस्त्याकडेला, त्याच ताडपत्रीवर बसायचंय. आणि त्या बाई पुन्हा येणार, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

बँकेतून निवृत्त झालो, दिवे घाटाच्या वर वाटणीला आलेले दहा गुंठे होते, त्यात झेंडू लावला. निवृत्त माणसं याहून वाईट गोष्टीही करतात. तीन हजार रोपं जुलैअखेरीस लावली की साठ-पासष्ट दिवसांत दसऱ्याला फुलं येतात, असं रोपवाटिकेवाल्यानं सांगितलं आणि आश्चर्य म्हणजे तशी ती आली. मधे महिनाभराच्या रोपांचे शेंडे खुडायचे असतात. म्हणजे झाड जीव धरून वर निघालेलं असतं आणि आपण त्याचं डोकं मोडायचं, मग ते चारी बाजूंनी फुटतं. आमच्या शाखेत नवीन पोरांना असंच वागवायचे. ती मात्र फुटली नाहीत, बदल्या करून गेली.

तोडणी पहाटे. दव गुडघ्यापर्यंत भिजवतं. फूल देठाशी धरून मान मुरगळली की टक् असा आवाज येतो. तासाभरात सगळ्या वावरातून टक्-टक् सुरू होतं, आणि मधमाश्या जाग्या झाल्या की त्यात त्यांचा सूर मिसळतो. बोटं हिरवी, मग काळी होतात, चिकट. साबणानं निघत नाहीत. दुपारी भाकरीला झेंडूचा वास, रात्री उशीलाही झेंडूचा वास. खरं सांगायचं तर त्या दोन तासांसाठीच मी हे सगळं करतो. बाकीचे बावीस तास ऐकायचे तर ऐका.

खंडेनवमीच्या आदल्या रात्री हस्ताचा पाऊस आला. एकशे ऐंशी किलो माल, सगळा भिजका. भिजकं फूल टोपल्यात तापतं आणि काळं पडतं, म्हणून बाजारात त्याला कुणी विचारत नाही. एकशे वीस किलो पाठवला, वीस रुपयांनी गेला. चोवीसशे रुपये. त्यातून टेम्पोचे नऊशे, हमाली-तोलाईचे एकशे चाळीस. तोडायला चार बायका होत्या, चारशे रुपये रोज. करा वजाबाकी. मी केली, तीनदा केली, बँकेतला माणूस आहे. दर वेळी दोनशे चाळीस रुपये मीच बाजाराला देणं निघत होतो.

उरलेले साठ किलो घेऊन दसऱ्याच्या सकाळी सहाला रस्त्याकडेला बसलो. ऐंशी रुपये किलो. पहिलं गिऱ्हाईक त्या बाई.

"मामा, झेंडू कसा दिला?"

मामा! बाई माझ्याहून दहा वर्षांनी तरी मोठ्या. केस पांढरे, सुती साडी, हातात कापडी पिशवी.

"ऐंशी रुपये किलो."

"किलो नको. पाच फुलं द्या."

"पाच?"

त्यांनी पिशवीतून माळ काढली. भगवी, टपोरी, एकसारखी फुलं. प्लास्टिकची. "तोरण आहे माझ्याकडे. तीन वर्षांपूर्वी दीडशेला घेतलं. वर्षाला पन्नास पडले, पुढच्या वर्षी साडेसदतीसच पडतील. साबणाच्या पाण्यात बुडवलं की झालं. फक्त वास येत नाही. मधेमधे पाच खरी खोवली की कुणाला कळत नाही."

"देवाला कळेल," मी म्हणालो.

"देवाला इतकी वर्षं नाही कळलं."

मी म्हणालो, "पाच फुलांचे दहा रुपये." रागाच्या भरात सांगितला तो भाव. सकाळची भवानी होती, नाही म्हणवत नव्हतं.

"किलोत किती बसतात?"

"शंभरेक."

"शेकडा ऐंशी, मग पाचाचे किती?"

मी गप्प.

"किती?"

"चार रुपये, बाई," मी म्हणालो. आपोआप 'बाई' तोंडातून गेलं, कारण त्या सुरात मला चौथीनंतर कुणी काही विचारलं नव्हतं. त्यांनी चाळीस वर्षं गणित शिकवलं असणार. विचारायची गरजच नव्हती.

"म्हणजे दहा रुपयांत किती?"

"साडेबारा."

"द्या साडेबारा."

मी बारा मोजली. त्यांनी एकेक उलटी करून देठ पाहिला, तीन बदलून घेतली आणि हात तसाच पुढे ठेवला.

"अर्धं?"

"अहो, अर्धं फूल कसं देणार?"

"पाकळ्या करून द्या. रांगोळीत घालीन."

तोपर्यंत मागे एक रिक्षावाला येऊन उभा राहिला होता. रिक्षाला हार करायला त्याला दोन किलो हवा होता. एकशे साठ रुपयांचं गिऱ्हाईक! मी त्याला डोळ्यांनीच 'थांब' म्हणालो आणि इथे माझी चूक झाली. बाईंना गप्प करावं म्हणून मी विद्वत्ता काढली. म्हणालो, "बाई, आपण पाकळी म्हणतो ना, ती एकेक खरं तर स्वतंत्र फूल असते. झेंडू म्हणजे एक फूल नव्हेच, फुलांचा गुच्छ आहे."

"असं? मग अर्ध्यातसुद्धा पन्नासेक आली. द्या."

दिली. झेंडू मधोमध फाडला, अर्धा त्यांच्या ओंजळीत सोडला. उरलेला अर्धा त्या टक लावून बघत होत्या.

मग मी शेवटचं अस्त्र काढलं. प्लास्टिकची फुलं परदेशातून येतात, आपल्या मातीतलं फूल ते आपलं, वगैरे. त्यांच्यासोबत बारा-तेरा वर्षांचा नातू होता, इतका वेळ मोबाइलमध्ये तोंड खुपसून. त्यानं मानही वर न करता सांगितलं, "आजी, झेंडू मेक्सिकोचा आहे. तिकडे मेलेल्या माणसांसाठी वापरतात." खरं आहे ते. नोव्हेंबरच्या सुरुवातीला ते लोक गेलेल्यांच्या आठवणीत झेंडूच्या राशी घालतात. पण दसऱ्याच्या सकाळी भर रस्त्यात बोलायची गोष्ट आहे का ही? रिक्षावाल्यानं मोबाइलकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पलीकडच्या पोराकडून शेवंती घेऊन गेला.

बाईंनी क्यूआर कोडवर मोबाइल धरला. "गेले."

"आले नाहीत."

"माझ्याकडून गेले, मामा." आणि गेल्या. जाताना ढिगातली दोन फुलं उचलली, "वरकड."

हसा. मीही हसतोच घरी सांगताना. पण दुपारी एकनंतर कुणी फिरकलं नाही. दसऱ्याचा झेंडू दुपारनंतर कचरा असतो. पलीकडचा तो पोरगा, यवतकडून आलेला, त्यानं चार क्रेट फुटपाथवर तसेच उपडे केले आणि गाडीला किक मारली. समोरच्या दुकानाच्या दारावर प्लास्टिकचं तोरण होतं, पलीकडच्या बँकेच्या दारावरही. माझ्याच जुन्या बँकेच्या. शेतीकर्ज विभाग आहे तिथे. त्या ढिगावरून संध्याकाळपर्यंत मोटारी जात होत्या, आणि रस्ता इतका सुंदर दिसत होता की एक जोडपं थांबून फोटो काढत होतं. मी माझे वीस किलो परत आणले. गायीनं हुंगलं आणि तोंड फिरवलं.

चुलतभाऊ म्हणतो, पुढच्या वर्षी झेंडू टोमॅटोत मधेमधे लाव, त्याच्या मुळांनी सूत्रकृमी, म्हणजे मातीतले मुळं खाणारे बारीक जंत, कमी होतात. होतात, मान्य. पण घासाघीस करणाऱ्यांवर चालेल असं आंतरपीक अजून निघालेलं नाही.

काल संध्याकाळी पुठ्ठ्याची पाटी केली: 'सुटी फुलं मिळणार नाहीत. कमीत कमी पाव किलो.' बायकोनं वाचली. म्हणाली, "पाव किलोत पंचवीसच बसली, तर त्या सव्वीसावं मागतील."

मग खाली आणखी एक ओळ लिहिली, जाड पेनानं: 'फक्त रोख.'