पाणीच तर आहे!

प्रेशर वॉशर, म्हणजे जास्त दाबाने पाणी फवारून धुणारं यंत्र, घरात आला की माणसांचे दोन पक्ष पडतात. एक पक्ष माहितीपुस्तिका वाचतो. दुसरा म्हणतो, ‘‘पाणीच तर आहे!’’ आमच्याकडे पहिल्या पक्षात मी एकटी. दुसऱ्यात बाकी सगळे, आणि बहुमत त्यांचं असल्यामुळे फवाऱ्याची गनही त्यांच्याच हातात.

तर या ‘पाणीच’विषयी. नळाच्या पाण्याला फार तर २ ते ४ बार दाब असतो (बार हे दाबाचं माप). विजेवरचं घरगुती यंत्र त्याच पाण्याला १०० ते १५० बारपर्यंत चिडवतं. ११० बार धरले, तर गनच्या टोकाला बसवलेल्या नोझलच्या तोंडाशी पाण्याचा वेग ताशी ५०० किलोमीटरच्या पुढे जातो. हा हिशेब मी कागदावर मांडून अहोंना दाखवला. त्यांनी तो लक्षपूर्वक वाचला आणि म्हणाले, ‘‘वा! म्हणजे काम लवकर आटपेल.’’ आणि रबरी स्लिपर घालून ते अंगणात उतरले.

गमबूट आणि गॉगल यंत्राशेजारीच ठेवले होते. पण आमच्या घरात असा समज आहे की संरक्षक साधनं शेजारी ठेवली तरी पुरतात.

धाकटे दीर तर आणखी पुढचे. भिंत धुऊन होते न होते तोच त्यांनी चिखलाने माखलेला पाय पुढे केला. ‘‘वहिनी, जाता जाता इथेही एक फवारा मारा की.’’ मी गनचं लॉक लावलं, ती खाली ठेवली आणि त्यांना सविस्तर सांगितलं. हा फवारा कातडीला लागला तर बाहेरून सुई टोचल्याएवढं भोक दिसतं, रक्तही फारसं येत नाही. आत मात्र पाणी आणि त्याच्यासोबतची घाण मांसाच्या थरांमधून लांबवर पसरलेली असू शकते. अशा वेळी हळद लावून बसायचं नाही. ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठायचं, आणि तिथे ‘खरचटलं’ न म्हणता ‘जास्त दाबाचं पाणी आत शिरलंय’ असं स्पष्ट सांगायचं. भावजींनी पाय मागे घेतला. थोड्या वेळाने ते बादलीतलं पाणी तांब्याने पायावर घेताना दिसले. तेही जरा जपूनच.

नोझलचं प्रकरण वेगळंच. बऱ्याच यंत्रांबरोबर रंगीत नोझल येतात : लाल म्हणजे शून्य अंश, सगळं पाणी एका रेघेत, पिवळं १५, हिरवं २५, पांढरं ४० अंशांत पंख्यासारखं पसरणारं, काळं साबणासाठी. घरकामातलं जवळपास सगळं हिरव्या-पांढऱ्यात भागतं. पण पुरुषाचा हात पेटीतून नेमकं लाल उचलतो, हे मी अनेकदा पाहिलंय. लाल नोझलने लाकडी बाक ‘स्वच्छ’ केला की त्याचे तंतू उभे राहतात आणि बसणाऱ्याला ते कळतं. फरशीच्या सांध्यांतलं सिमेंट उडतं. गाडीचा रंग आणि टायरची बाजू यांच्याबद्दल तर बोलायलाच नको. तिथे पांढरं नोझलसुद्धा हातभर लांबूनच. म्हणून आमचं लाल नोझल सध्या सासूबाईंच्या शिवणाच्या डब्यात, बॉबिनांच्या खाली आहे. त्या डब्याला हात लावायची घरात कुणाची छाती नाही.

सुरू करण्याचा क्रम मात्र अजून कुणाला पचलेला नाही. बाकीची यंत्रं बटण दाबून सुरू होतात. इथे आधी नळ पूर्ण उघडायचा, ट्रिगर दाबून नळीतली हवा जाऊ द्यायची, फुरफुर थांबून सलग धार लागली की मग बटण. पंपाच्या आतल्या सीलना ओलावा आणि गारवा त्या पाण्याचाच असतो; कोरडा चालवला तर त्या जळतात. अहोंच्या मते हे नखरे आहेत. प्लग थेट भिंतीतल्या, ईएलसीबी (विजेची गळती होताच प्रवाह तोडणारा स्विच) असलेल्या सॉकेटमध्येच लावायचा, एक्स्टेन्शन घ्यावीच लागली तर जाड तारेची, पूर्ण उलगडलेली आणि तिचा जोड पाण्यापासून उंच, हेही नखरेच. शिडीवर चढून वळचण धुण्याची त्यांची कल्पना मी ऐकताक्षणी रद्द केली. ट्रिगर दाबला की गन मागे रेटते, आणि शिडीला मागे भिंत नसते.

एकदा सुरू झालं की थांबणं कठीण, हे मीही मान्य करते. शेवाळलेल्या भिंतीवर एक पट्टा उजळला की उरलेली भिंत अचानक लाजिरवाणी दिसू लागते. भिंत झाली की फाटक, फाटक झालं की फाटकासमोरचा रस्ता. अहो एकदा शेजाऱ्यांच्या कुंपणापर्यंत पोहोचले होते. नळी संपली म्हणून आमचे संबंध टिकले.

आणि धुणं संपताक्षणी अंगण ओस पडतं. सगळे अंघोळीला. यंत्राचं बटण बंद, नळ बंद, मग ट्रिगर दाबून आत कोंडलेला दाब सोडणं, हे सगळं माझ्याकडे. हा दाब सोडला नाही तर नळीचा जोड निघत नाही. अहो त्याच्याशी पक्कड घेऊन झुंजतात आणि यंत्राला दोष देतात. पुढे साबणाची टाकी साध्या पाण्याने धुणं, पाणी आत येतं तिथली बारीक जाळी काढून तिच्यातली रेती झटकणं, नोझलच्या भोकातून बारीक तार फिरवणं, जोडातल्या काळ्या रबरी कडीला, म्हणजे ओ-रिंगला, सिलिकॉन ग्रीसचं बोट लावणं. पंपातलं पाणीही काढून टाकायचं, कारण थंडीत ते आत गोठलं तर सुमारे ९ टक्के फुगतं आणि पंपाला तडा जातो.

मध्यंतरी यंत्राला उचक्या लागल्या. धार जोरात, मग मंद, मग पुन्हा जोरात. ‘‘मोटर गेली,’’ अहो म्हणाले. ‘‘नवीन पेट्रोलवरचं घेऊ,’’ भावजी म्हणाले, ‘‘पावसात गॅरेजमध्ये उभं करून चालवता येईल.’’ बंद जागेत पेट्रोलचं इंजिन म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वासही नसतो, हे मी त्यांना सांगेपर्यंत हातात जाळी आली होती. ती रेतीने गच्च भरली होती. धुऊन बसवली, उचक्या थांबल्या. नव्या यंत्राची चर्चा अशी अकाली संपल्याचं दुःख दोघांच्याही चेहऱ्यावर बराच वेळ होतं.

परवा भावजी यंत्र त्यांच्या घरी न्यायला आले. मी गमबूट, गॉगल, नळी, पुस्तिका आणि पेटी असं सगळं काढून दिलं. त्यांनी पेटी उघडली, नोझल मोजले आणि हळूच विचारलं, ‘‘वहिनी, लाल कुठाय?’’

मी म्हटलं, ‘‘आईंना विचारा.’’

यंत्र अजून आमच्याच घरी आहे.