गोळ्यांचा वंशविस्तार

डॉक्टरसाहेब, म्हाताऱ्या माणसांना औषधं जपून कशी लिहावीत याचं दोन दिवसांचं प्रशिक्षण तुमच्या मानगुटीवर बसलंय असं ऐकलं. वाईट वाटलं. तरी जा. सकाळी पोहे-जिलेबी असणारच. फक्त तिथलं काही डोक्यात घेऊन परतू नका, नाहीतर आमच्या रामबागेतल्या आजी-आजोबांची पंचाईत होईल. इंदूरच्या मराठी घरात म्हाताऱ्याची पत त्याच्या गोळ्यांच्या डब्यावर ठरते. सकाळ-दुपार-रात्र असे कप्पे भरलेले नसले, की शेजारी म्हणतात, मुलांचं लक्ष दिसत नाही.

पहिल्याच सत्रात बीअर्स यादी दाखवतील. नाव ऐकून हुरळू नका. मार्क बीअर्स नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी 1991 साली सहकाऱ्यांसह ती केली, आणि 2023 मध्येही तिची नवी आवृत्ती निघाली. वयस्करांना शक्यतो काय देऊ नये, एवढंच तिच्यात आहे: झोपेसाठी अल्प्राझोलाम नको, साखर धोकादायक उतरवते म्हणून ग्लिबेनक्लामाइड नको, सर्दीला क्लोरफेनिरामिन नको, कारण त्याने डोक्यात गोंधळ होतो आणि लघवी अडते. सगळा नन्नाचा पाढा! आयर्लंडवाल्यांनी 2008 साली जरा समजूतदारपणा दाखवला. त्यांच्या यादीचे दोन भाग आहेत, काय बंद करावं आणि काय सुरू करावं. तुम्ही दुसराच भाग पाठ करा. पहिल्याच्या वेळी चहाला बाहेर जा.

पण खरा घात पुढे आहे. एका गोळीच्या त्रासाला नवा आजार समजून दुसरी गोळी लिहू नका, असं शिकवतात. हे ऐकलंत तर दवाखाना चालेल कसा? आमच्या आळीतल्या एका आजोबांचं पाहा. बीपीसाठी अम्लोडिपिन सुरू झालं. (बीपी वाढलं ते पोह्यांवरच्या मूठभर शेवेने, पण शेव बंद करायला सांगणारा डॉक्टर इंदुरात टिकायचा नाही.) त्या गोळीने पाय सुजले. ही सूज केशवाहिन्यांतून पाणी पाझरल्याची, अंगात पाणी जास्त झाल्याची नव्हे. तरी लघवीची गोळी लिहिली गेली. सूज होती तिथेच राहिली. लघवीच्या गोळीने युरिक ॲसिड वाढवलं, त्याने पायाचा अंगठा सुजून टोमॅटोसारखा लाल झाला. मग दुखण्याची गोळी आली. तिने पोटात आग केली, म्हणून ॲसिडिटीची आली आणि कायमची राहिली. दुखण्याच्या गोळीने बीपीही चढवलं. आता डॉक्टर काय करणार? अम्लोडिपिन दुप्पट केलं. पणतू फिरून पणजोबांच्या मांडीवर येऊन बसला! चार पिढ्यांचा असा भरला संसार, आणि प्रशिक्षणवाले म्हणतात, पहिलीच गोळी बदलून पाहायची होती. कुलक्षयच की हा.

रात्री चार वेळा लघवीला उठावं लागतं म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून अल्प्राझोलाम, आणि मग मोरीच्या उंबऱ्याशी पडणं. पण ते हाडांच्या डॉक्टरांचं खातं. आपण लुडबुड करू नये.

दुसऱ्या दिवशी मूत्रपिंडाचं गणित करायला लावतील. कॉक्रॉफ्ट आणि गॉल्ट यांनी 1976 साली मांडलेलं सूत्र आहे, मोबाइलवर अर्ध्या मिनिटात होतं. म्हणूनच टाळा. 82 वर्षांच्या, 45 किलोच्या आजीच्या रक्तात क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून टाकायचा कचरा, 1.1 आलं, तर लॅबच्या कागदावर ते नॉर्मलच्या रकान्यात बसतं. सूत्र मात्र सांगतं, मूत्रपिंडं मिनिटाला जेमतेम 28 मिलिलिटर रक्त साफ करतात. तेच 1.1 पंचविशीतल्या, 70 किलोच्या नातवाला असेल तर शंभराच्या वर. म्हणजे मूत्रपिंडातून बाहेर पडणाऱ्या औषधांचा आजीचा डोस नातवासारखा लिहून चालायचं नाही. कशाला हवी ही कटकट? ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, आजी,’ म्हटलं की आजी आशीर्वाद देते.

शेवटची सूचना पिशवीबद्दल. पेशंटला घरातली सगळी औषधं पिशवीत भरून आणायला सांगा, असं तिथे म्हणतील. चुकूनही सांगू नका. साडीच्या दुकानाची ती कापडी पिशवी टेबलावर उलटी झाली, की एकच गोळी तीन नावांनी निघते: तुमची, हृदयवाल्यांची, आणि दवा बाजारातून जावयाने स्वस्तात आणलेली. वर वैद्यांचं चूर्ण आणि कंपाउंडरने दिलेली ‘ताकद की गोली’. तेवढ्यात बाहेरच्या बाकावरचे बारा पेशंट कुरकुरायला लागतात.

आमच्या मातोश्रींची पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर कधी उलटली नाही. कचरागाडीपाशी उलटली. इंदुरात कचरा वेगवेगळा द्यावा लागतो, मुदत संपलेली औषधंही निराळी. गाडीवरच्या पोराने पाकिटांचा ढीग पाहिला आणि विचारलं, ‘‘माताजी, इतनी सारी दवा? कौन सी काहे की है?’’

आई विचारात पडली. दहा वर्षांत तिला हे कुणी विचारलं नव्हतं. त्या पोराला प्रशिक्षणाला मात्र बोलावू नका. वेळेत आटोपणार नाही.