उसनी दिलेली सीडी म्हणजे चोरी नव्हे

परवा जुन्या गेमच्या सीड्यांवरून गप्पा निघाल्या आणि एकाने ऐकवलं, "तुम्ही लोक सीड्या एकमेकांना द्यायचात, म्हणून तर कॉपी प्रोटेक्शन आलं!" तिथे वाद घालत बसलो नाही. पण सीडी चार दिवस मित्राला खेळायला देणं आणि तिच्या कॉप्या काढून वाटणं हे एकाच पारड्यात टाकणारे खूप जण भेटतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

मुळात सीडीच्या काळातलं प्रोटेक्शन, म्हणजे नक्कल रोखणारं कुलूप, उसनवारीच्या विरोधात नव्हतंच. मॅक्रोव्हिजन कंपनीचं सेफडिस्क हे असंच एक कुलूप १९९८ मध्ये आलं. सीडीची कॉपी काढणाऱ्या साध्या रायटरला जशीच्या तशी उतरवता येणार नाहीत अशा जागा मुद्दाम डिस्कवर ठेवलेल्या असायच्या. गेम अख्खा हार्डडिस्कवर टाकलेला असला, तरी आयकॉनवर डबल क्लिक केलं की आधी ड्राइव्ह घरघरायला लागायचा. त्या जागा सापडल्या की गेम सुरू, नाही सापडल्या की "मूळ सीडी घाला" अशी पाटी. सिक्युरॉम या दुसऱ्या कुलपाची पद्धत थोडी वेगळी होती, पण मालकाला व्हायचा तो जाच तोच.

वैताग यायचा, यात शंका नाही. पण या व्यवस्थेचा अर्थ बघा. ज्याच्या हातात सीडी, त्याची पाळी. मी तुला सीडी दिली की माझ्या मशीनवर गेम असूनही मला खेळता येत नाही. एक सीडी, एका वेळी एक खेळणारा. पुस्तक उसनं दिल्यावर होतं नेमकं तेच. कंपनीचं काय गेलं? एक प्रत विकली होती आणि वापरली जात होती तीही एकच. ड्राइव्हमधल्या सीडीची ही तपासणी म्हणजे उसनवारीचा चोख हिशेब होता, आणि तो ठेवायला कुठल्या सर्व्हरची गरज नव्हती.

माणसांनी त्याभोवती आपापले नियमही केले होते. सीडी कीचं, म्हणजे गेम टाकताना भरायच्या अक्षर-आकड्यांच्या कोडचं, स्टिकर असायचं कव्हरवर किंवा मॅन्युअलवर. मूळ कव्हर सहसा कोणी हातचं सोडायचं नाही. सीडी साध्या पाकिटात जायची आणि की चिठोऱ्यावर लिहून. मग रात्री फोन, "अरे, चौथ्या गटात बी आहे की आठ?" सीडी परत आली की आधी उजेडात तिरकी धरून ओरखडे बघायचे आणि मगच "कसा वाटला गेम?" विचारायचं. उसनवारीतली खरी भांडणं झाली ती या ओरखड्यांवरून. कॉपीराइटवरून झालेलं एकही भांडण मला आठवत नाही.

कंपन्यांना हे कळत नव्हतं असंही नाही. ब्लिझार्ड या गेम कंपनीने १९९८ च्या स्टारक्राफ्टमध्ये 'स्पॉन' नावाची सोय दिली होती. मूळ सीडी एकाची, आणि त्याच सीडीवरून मित्रांच्या मशीनवर फक्त एकत्र खेळण्यापुरता गेम टाकायचा. हे कंपनीच्या राजीखुशीने. चार जणांनी मिळून खेळलं की त्यातले दोघे पुढे स्वतःची सीडी घेतात, एवढा साधा व्यापार त्यांना समजत होता.

मग गाडी घसरली कुठे? माझ्या मते, हक्क सीडीला न चिकटवता खात्याला चिकटवायला सुरुवात झाली तिथे. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये हाफ-लाइफ २ आला. खोक्यात डिस्क होत्या, पण स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानात खातं उघडून गेम त्या खात्याला जोडल्याशिवाय तो चालत नव्हता. एकदा जोडला की डिस्क दुसऱ्याला देऊन उपयोग शून्य. डिस्क हे निव्वळ वाहतुकीचं साधन उरलं. २००८ मध्ये ईए कंपनीचा स्पोअर हा गेम आला तो तीन अ‍ॅक्टिव्हेशनची मर्यादा घेऊन. म्हणजे मित्राच्या मशीनवर एकदा टाकला की तिनातला एक गेला. स्वतःचा पीसी बदलला, आणखी एक गेला. लोक इतके भडकले की अ‍ॅमेझॉनवर एका स्टारच्या रिव्ह्यूंचा ढीग लागला, आणि ईएने मर्यादा पाचावर नेली. आता गंमत अशी की क्रॅक केलेला, म्हणजे कुलूप तोडलेला, स्पोअर दुकानात गेम यायच्या आधीच नेटवर फिरत होता. ज्यांना चोरायचा होता त्यांना ना तीनची मर्यादा, ना पाचची. बेड्या पडल्या त्या पैसे मोजणाऱ्याच्या हातात.

कायद्याचं म्हणाल, तर निदान अमेरिकेत ही लढाई गेमच्या कितीतरी आधीची आहे. एका प्रकाशकाने पुस्तकात छापलं होतं, ठरावीक किमतीपेक्षा स्वस्त विकलंत तर तो कॉपीराइटचा भंग समजू. १९०८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ते धुडकावलं. एकदा प्रत विकलीत की त्या प्रतीचं पुढे काय करायचं ते घेणारा ठरवेल. १९९० मध्ये सॉफ्टवेअर धंदा म्हणून भाड्याने देण्यावर बंदी आली, पण त्यातूनही कन्सोलचे, म्हणजे फक्त गेमसाठी असलेल्या यंत्राचे, गेम आणि ना-नफा लायब्ररी यांना वगळलं. मित्राला फुकट खेळायला देणं त्या बंदीत नव्हतंच. कंपन्यांनी मग दुसरी वाट काढली. आम्ही प्रत विकतच नाही, फक्त वापरायचा परवाना देतो! २०१० मध्ये ऑटोडेस्क या सॉफ्टवेअर कंपनीच्या खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने हे मान्य केलं. युरोपच्या न्यायालयाने २०१२ मध्ये ओरॅकल या दुसऱ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या खटल्यात बरोबर उलटं म्हटलं, की डाउनलोड केलेलं सॉफ्टवेअरही पुढे विकता येतं. त्याच्या आधारावर पॅरिसच्या न्यायालयाने २०१९ मध्ये स्टीमवरच्या गेमबद्दल ग्राहकांच्या बाजूने निकाल दिला, तो २०२२ मध्ये अपिलात उलटला. गेम म्हणजे नुसता प्रोग्रॅम नाही, त्यात चित्रं, संगीत, कथा आहे, म्हणून तो नियम लागू नाही म्हणे. मला हे कारण अजून पटलेलं नाही. कथा-चित्रं असलेलं पुस्तक देता येतं, प्रोग्रॅमही देता येतो, दोन्ही एकत्र आले की मात्र देता येत नाही?

कंपन्यांची एक बाजू मी मान्य करतो. सीडी तपासली जात नसेल तर "टाकून घेतो आणि उद्या परत देतो" हे उसनं घेणं राहत नाही. तिथे खेळणारे दोघे होतात आणि पैसे एकाचेच येतात. म्हणूनच मी सीडी तपासण्याच्या बाजूचा आहे, लोक हसले तरी. तिच्यातला खरा दोष पुढे कळला. सेफडिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे ही तपासणी करणारा छोटा प्रोग्रॅम, विंडोजच्या अगदी आतल्या भागात बसायचा आणि त्यात सुरक्षेची भोकं निघाली. २०१५ मध्ये विंडोज १० ने तो चालवायलाच नकार दिला, आणि त्याच वर्षी जुन्या विंडोजवरही अपडेटमधून तो बंद झाला. तेव्हा आज तुमच्या कपाटात एकही ओरखडा नसलेली अस्सल सीडी असली, तरी ती चालायला बहुतेक वेळा क्रॅकच शोधावा लागतो. मालकाने स्वतःच्याच घराचं कुलूप फोडायचं. अमेरिकेच्या कॉपीराइट ऑफिसने २००३ मध्ये मूळ डिस्कशिवाय न चालणाऱ्या, कालबाह्य झालेल्या गेमसाठी कुलूप तोडायची सूट दिली होती, म्हणजे अडचण सरकारदरबारीही पोचलेली होती.

उसनवारीचा प्रश्न सगळ्यात उघड झाला तो २०१३ च्या जूनमध्ये. मायक्रोसॉफ्टने एक्सबॉक्स वन या आपल्या नव्या कन्सोलचे नियम जाहीर केले. कन्सोलने दर २४ तासांनी ऑनलाइन हजेरी लावायची. डिस्कवरचा गेम मित्राला कायमचा द्यायचा तर तो तुमच्या फ्रेंड्स लिस्टमध्ये किमान ३० दिवस असला पाहिजे, आणि एक गेम एकदाच देता येईल. मैत्रीलासुद्धा मुदत! त्यावर प्रतिस्पर्धी सोनीने 'गेम शेअर कसा करावा' असा काही सेकंदांचा व्हिडिओ टाकला. एक माणूस गेमचा डबा पुढे करतो, दुसरा 'थँक्स' म्हणून घेतो. संपला व्हिडिओ. दोन आठवड्यांच्या आत, १९ जूनला, मायक्रोसॉफ्टने नियम मागे घेतले.

आता उसनवारी परत आलीय, पण कुटुंबाच्या नावाने. स्टीमवर २०२४ पासून सहा जणांचं कुटुंब करता येतं आणि एकमेकांचे गेम खेळता येतात. त्यातल्या कोणी तुमच्या गेममध्ये चीटिंग केली तर बंदी तुमच्यावरही येते. निन्टेन्डोच्या व्हर्च्युअल कार्डवर, म्हणजे डाउनलोड केलेल्या गेमच्या डिजिटल कार्डावर, गेम १४ दिवसांसाठी देता येतो, तोही फॅमिली ग्रुपमध्येच. शेजारच्या बेंचवरचा मित्र कुठल्याच खात्याच्या हिशेबात कुटुंबात बसत नाही, आणि आमची निम्मी उसनवारी त्याच्याशीच होती.

निन्टेन्डोच्या स्विच २ कन्सोलची गेम-की कार्डं मात्र मला चक्क आवडली. त्यांच्यावर गेम नसतोच, तो डाउनलोड करावा लागतो, म्हणून लोक त्यांना शिव्या घालतात. पण कार्ड खोबणीत असेल तरच गेम चालतो, आणि ते कोणाच्या खात्याला बांधलेलं नसतं. कोणालाही द्या, कोणाकडूनही घ्या. हे आपलं जुनं "मूळ सीडी घाला"च आहे. फरक इतकाच की सेफडिस्कची सीडी नवीन विंडोजपुढे अडली तरी गेम तिच्यावर होता, कोणीतरी खटपट करून तो चालवू शकला. डाउनलोडचा सर्व्हर बंद झाल्यावर या कार्डातून काढायला काहीच नसेल. तेवढं एक कंपनीने लेखी द्यावं, की सर्व्हर बंद करायच्या आधी अख्खा गेम साठवून ठेवायची सोय देऊ. ते दिलं तर बाकीच्या तक्रारी मी सोडायला तयार आहे.