मस्टँग १९७३ साली मेली नाही

मोटारवेड्यांच्या ग्रुपांवर फोर्ड मस्टँगबद्दलचा एक मजकूर अधूनमधून डोकं वर काढतो. दर वेळी फोटो नवा, मजकूर तोच. त्याचा गोषवारा असा: खरी मस्टँग १९६४ ते १९७३ एवढीच. ती जन्मजात व्ही-८ इंजिनाची (आठ सिलिंडरांची) मसल कार, म्हणजे दांडग्या इंजिनाची गाडी. मग अमेरिकी सरकारचे प्रदूषणाचे कायदे आणि अरब देशांची तेलबंदी यांनी मिळून तिचा गळा घोटला. ३७५ हॉर्सपॉवरवरून गाडी ८८वर आली. १९७४ साली फोर्डने पिंटो नावाच्या फडतूस गाडीवर घोड्याचा बिल्ला ठोकून ‘मस्टँग टू’ लोकांच्या गळ्यात मारली, लोकांनी ती झिडकारली आणि थेट २००५ साली कंपनीला उपरती झाली. शेवटी विजेवरच्या मॅक-ईसाठी दोन अश्रू.

वाचायला झकास आहे, त्यामुळेच फिरतं. पण सनावळी आणि आकडे समोर घेऊन बसलं की यातलं जवळजवळ काहीच जागेवर राहत नाही.

आधी ते ‘जन्मजात व्ही-८’. १७ एप्रिल १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या वर्ल्ड्स फेअरमध्ये मस्टँग लोकांसमोर आली तेव्हा किंमत होती २,३६८ डॉलर. त्या किमतीत बॉनेटखाली मिळायचं ते १७० घनइंचांचं, म्हणजे २.८ लिटरचं, सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरांचं इंजिन. ताकद १०१ हॉर्सपॉवर, जोडीला तीन गिअर. व्ही-८ हवं तर वरचे पैसे मोजा. खालचा सांगाडा फोर्ड फाल्कनचा. फाल्कन म्हणजे रॉबर्ट मॅकनमारा फोर्डमध्ये असताना निघालेली काटकसरी घरगुती गाडी, कामाला चोख आणि दिसायला यथातथा. फोर्ड विभागाचे तेव्हाचे प्रमुख ली आयाकोका आणि त्यांच्या माणसांची हुशारी अशी, की सस्पेन्शनपासून डॅशबोर्डपर्यंत जमेल तेवढं फाल्कनचं उचलायचं, वर लांब बॉनेट आणि आखूड डिकी असं देखणं रूप चढवायचं आणि बाकीचं गिऱ्हाइकाला यादीतून निवडू द्यायचं. नोकरीला नुकती लागलेली मुलगी सहा सिलिंडरवाली घेईल, रेसचा नाद असलेला २७१ हॉर्सपॉवरचं २८९ घनइंची व्ही-८ घालून घेईल, आणि दोघांची गाडी लांबून सारखीच दिसेल. पहिल्या वर्षभरात चार लाखांवर गाड्या खपल्या त्या या हिशोबावर.

मग ‘पिंटोवर ठोकलेला बिल्ला’ या आरोपाचं काय उरतं? फाल्कनवर बेतलेली पहिली मस्टँग अस्सल आणि पिंटोवर बेतलेली दुसरी नकली, हा निवाडा कुठल्या न्यायाने?

आता गळा कोणी घोटला ते. १९६६ साली ६,०७,५६८ मस्टँग बनल्या. १९७२ साली १,२५,०९३. म्हणजे जवळपास पाचातली एक उरली, आणि तेलबंदी आली ऑक्टोबर १९७३मध्ये. मधल्या काळात शेव्हरोलेची कॅमारो बाजारात उतरली होती, विमा कंपन्यांनी दांडग्या इंजिनांच्या गाड्यांचे हप्ते वाढवले होते, ही कारणं आहेतच. पण फोर्डने स्वतः काय केलं तेही बघा. १९६७ साली मोठं इंजिन मावावं म्हणून गाडी फुगवली. १९६९ला पुन्हा. १९७१ला तर ४२९ घनइंचांचं, सात लिटरचं धूड बसवता यावं अशी नवी, आणखी अवजड गाडी काढली. पहिली मस्टँग १८१.६ इंच लांब होती, १९७३ची जवळजवळ १९४. पुरा फूटभर वाढ, आणि वजनही शेकडो पौंडांनी जास्त. १९७१च्या फास्टबॅकची, म्हणजे मागे उतरत्या छपराच्या मस्टँगची, मागची काच इतकी आडवी होती की आरशात मागचा रस्ता दिसण्याऐवजी आकाशच जास्त दिसायचं. गंमत म्हणजे ज्या ४२९साठी हा सगळा पसारा मांडला, ते इंजिन या नव्या गाडीत एकच वर्ष टिकलं. १९७२च्या यादीतून ते गेलेलं होतं. तेव्हा अरब देशांनी नळ बंद केलेला नव्हता.

ही तक्रार मागाहून सुचलेलीही नाही. १९६८ साली फोर्डच्या भागधारकांच्या सभेत एका बाईंनी उठून थेट हेन्री फोर्ड दुसरे यांना विचारलं होतं, की चांगली सुटसुटीत गाडी होती, ती वाढवून वाढवून तुम्ही बिघडवता का आहात? आज ‘खरी मस्टँग’ म्हणून ज्यांचे फोटो फिरतात त्यातल्या निम्म्या गाड्या त्या बाईंना नको असलेल्या वाणाच्या आहेत.

आणि तारखा. मस्टँग टू शोरूममध्ये आली सप्टेंबर १९७३मध्ये, तेलबंदीच्या आदल्या महिन्यात. त्या काळी गाडी कागदावरून शोरूमपर्यंत यायला तीनेक वर्षं सहज जायची. म्हणजे गाडी लहान करायची हे आयाकोकांनी तेलबंदीला घाबरून ठरवलेलं नाही. टोयोटा सेलिका, फोर्डचीच जर्मनीहून येणारी काप्री, अशा आटोपशीर कूपे गिऱ्हाईक पळवत होत्या हे त्यांना दिसत होतं. उलट सुरुवातीचे काही आठवडे मस्टँग टूला उठाव बेताचाच होता, कारण डीलरांनी सगळ्या चैनी भरलेल्या महागड्या गाड्या मागवून ठेवल्या होत्या. मग पेट्रोलपंपांवर रांगा लागल्या आणि लोक चार सिलिंडरवाली शोधत आले. तेलबंदीने मस्टँगचं काही केलं असेल, तर नशीब उघडलं.

३७५वरून ८८ ही घसरगुंडी मात्र नीट उलगडायला हवी, कारण फॉरवर्डमधला सगळ्यात चलाख भाग हाच आहे. १९७१पर्यंत अमेरिकी कंपन्या ताकद ‘ग्रॉस’ पद्धतीने सांगत. उघडं इंजिन चाचणीच्या स्टँडवर चढवायचं, एअर क्लीनर नाही, गाडीचा सायलेन्सर नाही, अल्टरनेटरचा भार नाही, आणि येईल तो आकडा जाहिरातीत छापायचा. १९७२पासून ‘नेट’ पद्धत आली, गाडीत ज्या अवस्थेत इंजिन चालतं त्या अवस्थेतली ताकद. मेथीची जुडी आधी देठांसकट तोलली आणि नंतर निवडून, एवढाच बराचसा फरक. मस्टँगचंच ३०२ घनइंची व्ही-८ घ्या. १९७१ साली कागदावर २१० हॉर्सपॉवर, १९७२ साली सुमारे १४०. शिसंविरहित पेट्रोल येणार म्हणून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरातलं इंधन-हवेचं मिश्रण दाबण्याचं प्रमाण, थोडं उतरवलं होतं हे खरं, प्रदूषणाच्या नियमांनी इंजिनं मंदावली हेही खरं. १९७०चा क्लीन एअर अ‍ॅक्ट काही खोटा नाही. पण एका वर्षात सत्तर घोडे त्यामुळे मेले नाहीत. बरेचसे आधी कागदावरच होते.

शिवाय तुलना कशाची कशाशी? एकीकडे १९७१चं सर्वांत दांडगं इंजिन, ग्रॉस मोजलेलं. दुसरीकडे १९७४चं सर्वांत लहान २.३ लिटरचं, नेट मोजलेलं. पायरी पायरीशीच जुळवायची तर १९६४च्या मूळ किमतीतलं १०१ ग्रॉस आणि १९७४चं ८८ नेट शेजारी ठेवा. फॉरवर्डला हवी तेवढी मोठी दरी तिथे सापडत नाही.

लोकांनी झिडकारली म्हणे. १९७४ साली ३,८५,९९३ मस्टँग टू बनल्या, आदल्या वर्षीच्या जवळपास तिप्पट. मस्टँगच्या आख्ख्या इतिहासात १९६५, ६६ आणि ६७ सोडली तर एवढं मोठं वर्ष नाही. पाच वर्षांत मिळून अकरा लाख. ‘मोटर ट्रेंड’ने तिला १९७४ची कार ऑफ द इयर ठरवलं होतं. असल्या पुरस्कारांवर माझा फारसा भरवसा नाही, पण तेव्हाचे परीक्षक तिला थट्टा समजत नव्हते एवढं त्यातून कळतं. त्याच १९७४ साली प्लिमथ बाराकुडा, डॉज चॅलेंजर आणि एएमसी जॅवलिन या तिन्ही गाड्या बंद पडल्या. त्यांनी अंग कमी केलं नव्हतं.

मस्टँग टू भारी गाडी होती असं मात्र मी म्हणणार नाही. १९७५ला व्ही-८ परत आलं ते १२२ हॉर्सपॉवरचं. कोब्रा टू आणि १९७८ची किंग कोब्रा यांच्यात दम कमी आणि रंगीत पट्टे, स्टिकर जास्त. १९७७ साली विक्रीत कॅमारोने मस्टँगला पहिल्यांदा मागे टाकलं, तेही फुकटचं नाही. टीका करायला जागा भरपूर आहे. पण जी टीका फिरते ती बरोबर उलट्या जागी बोट ठेवते.

उदाहरणार्थ, गाडीचा पुढचा भाग. पहिल्या मस्टँगचं बॉनेट उघडलं की दोन्ही बाजूंना पत्र्याचे दोन जाडजूड मनोरे दिसतात. फाल्कनच्या रचनेत पुढची स्प्रिंग वरच्या आर्मवर बसायची, तिला टेकू द्यायला हे मनोरे. त्यांच्यामध्ये इंजिनाला जागा चिंचोळी. व्ही-८चे मागचे स्पार्क प्लग काढताना हाताची सालटी निघतात. स्टिअरिंग जुन्या रीसर्क्युलेटिंग बॉलचं, मोकळं मोकळं. मस्टँग टूमध्ये स्प्रिंग खाली, खालच्या आर्मवर आली, मनोऱ्यांचं काम संपलं, आणि मस्टँगला पहिल्यांदा रॅक अँड पिनियन स्टिअरिंग मिळालं. सगळी जुळणी अरुंद आणि आटोपशीर.

हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाड्या नव्या भागांनी वेगवान करून बांधणाऱ्यांना हे लगेच कळलं. भंगारातल्या मस्टँग टूचा पुढचा भाग कापून तो १९३०-४०च्या दशकातल्या फोर्ड-शेव्ही गाड्यांखाली आणि जुन्या पिकअपखाली जोडायचे. भंगारातले सुटे भाग संपत आले तसे त्याच मापाचे नवे किट बनायला लागले. आजही अमेरिकेत स्ट्रीट रॉड बांधायला घेतली की पुढच्या सस्पेन्शनसाठी ‘मस्टँग टू’ हे नाव पहिल्या दोन-तीन पर्यायांत येतंच. आणि हे किट कशाकशात बसवतात? १९६५-६६च्या मस्टँगमध्येसुद्धा! मनोरे कापून टाकायचे, खाली मस्टँग टूच्या धर्तीचं सस्पेन्शन घालायचं, वर मोठं आधुनिक इंजिन. प्रदर्शनात ज्या ‘अस्सल’ मस्टँगसमोर लोक मान डोलावतात त्यातल्या काही पुढून मस्टँग टूच असतात.

१९७८ ते २००५ हा काळ फॉरवर्ड एका उडीत पार करतं, म्हणजे फॉक्स सांगाड्यावरची आख्खी पिढी गायब. ती १९७९ ते १९९३, तब्बल पंधरा मॉडेल वर्षं चालली. तिच्या पाच लिटर व्ही-८ची ताकद १९८७ला २२५ नेटवर पोचली. चार सिलिंडरची टवाळी करणाऱ्यांसाठी त्याच पिढीतली एसव्हीओ आहे. १९८४ साली मस्टँग टूच्याच २.३ लिटर इंजिनाला टर्बो जोडून १७५ हॉर्सपॉवर काढली होती, त्या वर्षीच्या दांडग्या व्ही-८इतकीच. किंमत व्ही-८वाल्या जीटीपेक्षा बरीच जास्त ठेवल्यामुळे ती फार खपली नाही, पण ते वेगळं.

मस्टँग खरोखर मरायला टेकली होती ती याच काळात, आणि फॉरवर्डला त्याचा पत्ताच नाही. १९८०च्या दशकात फोर्ड मस्टँगच्या जागी माझ्दाच्या सांगाड्यावरची, पुढच्या चाकांवर चालणारी गाडी आणणार होती. १९८७ला बातमी बाहेर फुटली, चाहत्यांच्या संतापलेल्या पत्रांचा पाऊस पडला आणि फोर्डने ती गाडी प्रोब या वेगळ्या नावाने विकली. प्रोब बनायची मिशिगनमधल्या फ्लॅट रॉकच्या कारखान्यात.

आता ती २००५ची उपरती. रूप जुन्या मस्टँगची आठवण देणारं होतं, मान्य, आणि मला ते आवडतंही. पण ती गाडी बनली कुठे? त्याच फ्लॅट रॉकमध्ये, जिथे तेव्हा माझ्दाची निम्मी भागीदारी होती. आणि मूळ किमतीतल्या २००५च्या मस्टँगमध्ये होतं काय? चार लिटरचं व्ही-६, फोर्डच्या जर्मनीतल्या कलोन घराण्याचं. त्याच घराण्याचं २.८ लिटर व्ही-६ १९७४ला मस्टँग टूमध्ये बसवलं होतं. ज्या गाडीची आठवण पुसून टाकली म्हणतात तिचंच इंजिन वाढून परत आलेलं.

व्ही-८ म्हणजेच मस्टँग हा समज आपल्याकडे पक्का होण्याला एक साधं कारणही आहे. २०१५च्या पिढीपासून मस्टँग पहिल्यांदा कारखान्यातूनच उजव्या स्टिअरिंगची निघायला लागली, आणि जुलै २०१६मध्ये फोर्डने ती भारतात अधिकृतपणे आणली, दिल्ली एक्स-शोरूम ६५ लाखांना. आली ती फक्त पाच लिटर व्ही-८ची जीटी. त्याच पिढीत अमेरिकेत ३१० हॉर्सपॉवरची चार सिलिंडर टर्बो मस्टँग मिळत होती, पण मुंबई-पुण्याच्या रस्त्यावर ती कुणाला दिसणार?

राहिली मॅक-ई. चार दारांच्या विजेवरच्या एसयूव्हीला मस्टँगचं नाव देणं मलाही रुचलेलं नाही. विक्री खात्याची सोय, दुसरं काही नाही. पण तिला मस्टँगची पिढी कुणी मानत नाही, फोर्डही नाही. मस्टँगची सातवी पिढी २०२४ मॉडेल म्हणून वेगळी आली, पाच लिटर व्ही-८ आणि हाताने टाकायच्या सहा गिअरांसकट, कॅमारो बंद होत असताना. मॅक-ईच्या नावाबद्दल तक्रार असेल तर तिच्यापुरता वेगळा मजकूर लिहा, मीही पुढे पाठवेन. त्यात मस्टँग टूला ओढायचं कारण नाही.