ऑरोरा म्हणजे डेन्व्हरचं शेपूट नव्हे

भारतातून कुणी विचारलं "कुठे असता?" की इथली आपली मंडळी "डेन्व्हर" म्हणून मोकळी होतात. राहतात शेजारच्या ऑरोरात! २०२० च्या जनगणनेत ३,८६,००० वस्ती भरलेलं, अमेरिकेच्या कोलोरॅडो राज्यातलं तिसरं मोठं शहर, पण ओळख उसनी.

उंची साधारण ५,४०० फूट, म्हणजे कळसूबाईच्या माथ्याइतकी. पण डोंगर शोधायला जाऊ नका. सगळं सपाट माळरान, रॉकी पर्वत दूर पश्चिमेला. नवा पाहुणा पहिल्या दिवशी जिन्यातच धापा टाकतो. पाणी ९५ अंशांच्या आतच उकळतं, त्यामुळे उघड्या पातेल्यात तूरडाळ शिजवायची हौस कुणी करू नये.

मला हे शहर आवडतं ते इथल्या माणसांमुळे. दर पाचातला एक जण परदेशात जन्मलेला. हवाना स्ट्रीटला एकीकडे कोरियन किराणा, थोडं पुढे गेलं की इथिओपियन खाणावळ. तिथला इंजेरा म्हणजे टेफ नावाच्या बारीक धान्याच्या आंबवलेल्या पिठाची, आपल्या आंबोळीची थोरली बहीण: जाळीदार, आंबूस, परातभर. त्यावर झणझणीत मसूर, कोबी, पालेभाजी. इथिओपियातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा बुधवार-शुक्रवार उपास, त्यात मांस-दूध वर्ज्य, त्यामुळे शाकाहारी ताट हमखास मिळतं. हात धुवायचे, एकाच ताटात जेवायचं. चमचा मागणारे बहुधा आपलेच!

आणि टीव्हीवरचं ऑरोरा? २०२४ च्या निवडणुकीत ट्रम्प यांनी व्हेनेझुएलाच्या टोळीने शहर ताब्यात घेतल्याची हाकाटी केली. काही मोडकळीला आलेल्या इमारतींत गुंडगिरी होती, नाही कशाला म्हणू? पण अख्खं शहर ताब्यात गेल्याचं खोडून काढलं ते त्यांच्याच पक्षाच्या महापौरांनी, माइक कॉफमन यांनी. आमच्या गावच्या काकूंचे मात्र अजून "सांभाळून रे" असे मेसेज येतात.

काळजीच करायची तर पाण्याची करा. पाऊस-बर्फ मिळून वर्षाला जेमतेम १५ इंच. म्हणून २०१० पासून डेन्व्हरच्या खालच्या अंगाला, साउथ प्लॅट नदीकाठच्या विहिरींतून पाणी उपसून सुमारे ५५ किलोमीटर परत वर आणतात. त्यात आपण वापरून सोडलेलंही पाणी असतं. वाळूतून गाळून, शुद्ध करून पुन्हा नळाला. नाक मुरडणाऱ्यांनी खुशाल मुरडावं, मला तरी ही शहराची सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. २०२२ मध्ये नव्या वस्त्यांत शोभेच्या हिरवळीवरही बंधनं आली. तेव्हा इथे घर घ्यायचं मनात असेल तर शाळा बघाच, पण अंगणाचे नियम आधी विचारा.